डीएम हिमॅटॉलॉजी (रक्ताच्या आजारांची सुपरस्पेशालिटी) करून प्रॅक्टिस न टाकता रिसर्चमध्ये जाणं म्हणजे करिअर वाया घालवणं आहे का?

"वाया" वाचलं आणि राहवलं नाही, कारण हाच शब्द माझा मोठा भाऊ गेली पंधरा वर्षं दर गणपतीत मोदक खाता खाता मला ऐकवतो. दादाचं कळव्याला नर्सिंग होम आहे. मी एमडी मेडिसिन, मग डीएम, आणि तेव्हापासून नवी मुंबईत शिकवणं, ओपीडी आणि लॅब, रोज ठाण्याहून पनवेल लोकल.

मागच्या पावसाळ्यात पाचपाखाडीच्या काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि आदल्या दिवशीच्या सीबीसीत प्लेटलेट १४ हजार. झालं! ऑपरेशन रद्द, दादाने डेंग्यू समजून ॲडमिट करून घेतलं, फॅमिली ग्रुपवर "एसडीपीसाठी डोनर हवेत, अर्जंट" (एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट), काकू पपईच्या पानांचा रस काढून तयार. मी संध्याकाळी पोचले तर काका पेपर वाचत बसलेले, ताप नाही, अंगावर लाल ठिपका नाही, हनुवटीवर सकाळी दाढी करताना कापलेलं तिथे कागदाचा कपटा. रक्त कधीच थांबलेलं. म्हटलं आधी रक्ताची स्लाइड दाखवा. काचेवर पसरलेल्या रक्ताच्या शेपटाकडे प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे, जास्त भिजलेल्या साबुदाण्यासारखे. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीए या रसायनाने काही जणांच्या प्लेटलेट चिकटतात आणि मशीन त्या गठ्ठ्यांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत रक्त घेतलं, पातळ होण्याचे दहा टक्के धरून १ लाख ९६ हजार, म्हणजे नॉर्मल.

दादा म्हणाला, "हे तर लॅबवालाही सांगेल, त्याला डीएम कशाला?" बरोबर आहे, पण सांगितलं का कोणी?

आणि उलट्या बाजूचे पेशंट घ्या, ज्यांचा बोनमॅरोच बिघडून प्लेटलेट दहा-बारा लाख होतात. २००५ मध्ये जॅक-२ या जीनमधला बिघाड सापडला तेव्हा त्यातल्या साधारण निम्म्यांचं कारण कळलं, २०१३ मध्ये कॅलआर या दुसऱ्या जीनमधला बिघाड सापडल्यावर उरलेल्यांतल्या बहुतेकांचं. आज दादा चिठ्ठीवर "जॅक-२" लिहून मोकळा होतो, पण ते सापडलं कारण कोणीतरी असल्या पेशंटची सॅम्पलं वर्षानुवर्षं फ्रीझरमध्ये जपली होती. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरवरची इमॅटिनिब गोळी २००१ ला आली, त्याआधी याच पेशंटना आपण काय सांगायचो ते दादाला आठवत असेल, एमडीला आम्ही दोघं एकाच वॉर्डात होतो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पैसा कमी, खरंच कमी. ग्रँट संपते, पेपर परत येतात, फ्रीझरचा अलार्म रात्री दोनला वाजतो आणि तुम्हालाच जावं लागतं. स्लाइड बघायचा कंटाळा असेल तर येऊच नका. ओपीडी मात्र सोडू नका, पेशंट न बघणाऱ्याचे प्रश्नही हळूहळू कागदीच होतात. घरावर कर्ज असेल तर आधी चार वर्षं प्रायव्हेट करा, लाज कसली त्यात. (दादाला हे वाक्य दाखवू नका.)

हो, आणि हे वाचून कोणी आपल्या कमी प्लेटलेट खोट्या समजून घरी बसू नका. ताप असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल तर सरळ डॉक्टरकडे जा, काकांची गोष्ट वेगळी होती.

काकांचा गुडघा झाला, आता रोज सकाळी उपवनला चक्कर मारतात. दादाने ग्रुपवर "डोनरची गरज नाही, धन्यवाद" एवढंच टाकलं होतं. का नाही, ते अजून लिहिलेलं नाही.