वाचकांचे प्रश्न : गाव नगर परिषदेत गेलं, मत कुठे?

प्रश्न : आमचं गाव हद्दवाढीत नगर परिषदेत आलं. प्रारूप (कच्च्या) मतदार यादीत आमच्या अर्ध्या गल्लीची नावं शेजारच्या प्रभागात गेली. काय करावं?

उत्तर : हे नेहमीचंच दुखणं. राज्य निवडणूक आयोग वेगळी मतदार नोंदणी करत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादीच प्रभागनिहाय फोडतात. प्रभागाची हद्द मात्र जनगणनेच्या प्रगणक गटांवरून (मोजणीसाठी पाडलेल्या छोट्या तुकड्यांवरून) आखतात. विधानसभेच्या यादीचा भाग (तिचा क्रमांक दिलेला तुकडा) आणि गटाची रेषा जुळली नाही की गल्ली दुभंगते. घर क्रमांक जुना ग्रामपंचायतीचा असेल तर घोळ आणखी वाढतो.

आधी प्रभागाचा नकाशा आणि चतुःसीमा पाहा: नाला, रस्ता, कोणाचं शेत. मग मुदतीत पालिकेत लेखी हरकत द्या. विधानसभेच्या यादीतला भाग व अनुक्रमांक लिहा, घरकराची पावती जोडा आणि पोच घ्याच. गल्लीभर चूक असेल तर सगळ्यांचे क्रमांक द्या; नुसतं 'आमची गल्ली' म्हणून भागत नाही. विधानसभेच्या यादीतच नाव नसेल तर इथे हरकत घेऊन उपयोग नाही. नमुना ६ (नवं नाव नोंदवण्याचा अर्ज) तहसीलला भरावा लागतो, तोही यादीच्या ठरलेल्या तारखेआधी. गाव नगर परिषदेत आल्यामुळे जिल्हा परिषदेचं मत आता गेलं समजा.

प्रश्न : विलीनीकरणानंतर निवडणूक लगेच होते का?

उत्तर : भरवसा नाही. अमरावती-बडनेरा एक होऊन १९८३ मध्ये महापालिका झाली. पहिली निवडणूक १९९२ला. तोवर प्रशासकच.