बँड बांधून स्प्रिंट मारल्याने पायात ताकद येते का? पोलीस भरतीच्या १०० मीटरसाठी कोणता बँड घेऊ?

नवी ताकद येत नाही, असलेली जमिनीत उतरवायची सवय येते. पण तुम्ही पुढे लिहिलंय की बँड गोलपोस्टला बांधून रोज २० वेळा जोर लावता आणि आता आणखी जाड बँड घ्यायचा विचार आहे. ते वाचून लिहायला बसलो. जाड बँड घेऊ नका. आधी आहे तो गोलपोस्टवरून सोडा.

बाजारातला लूप बँड, म्हणजे रबराचं बंद वेटोळं, ४१ इंची असतो, म्हणजे साधारण १ मीटर. दोन एकमेकांत अडकवले की जेमतेम २ मीटर. त्याचं रबर, म्हणजे लॅटेक्स, मूळ लांबीच्या अडीचपटीपलीकडे ताणू नये. म्हणजे २ चे फार तर ५ होणार आणि तुमच्या वाट्याला ३ मीटर येणार, तीनेक पावलं. चौथ्या पावलाला बँड तुम्हाला मागे ओढतो, तुम्ही टाचेवर येता, कंबरेतून वाकता. शिवाय ओढ उलट्या क्रमाने येते. स्टार्टला शरीर स्थिर असतं, तिथे सगळ्यात जास्त जोर लावता येतो, आणि नेमका तिथेच बँड सैल. वेग घ्यायची वेळ आली की बँड घट्ट. खांबाला बांधलेला बँड फक्त पहिल्या दोन पावलांच्या सरावासाठी ठीक, तोही आधीच अर्धा मीटर ताणून उभं राहिलात तर.

१० मीटर पळायचं तर मागे जोडीदार हवा. त्याने बँड हातात धरून, मागे रेलून, छोटी पावलं टाकत तुमच्यामागे यायचं आणि बँडचा ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा ठेवायचा. २ मीटरचा बँड ३ मीटरवर राहिला पाहिजे. हे नजरेने जमत नाही. बँड अडकवलेल्या तुमच्या कंबरेच्या पट्ट्यापासून जोडीदाराच्या मुठीपर्यंत ३ मीटरची सुतळी बँडच्या बाजूने सोडा. ती किंचित झोळत असेल तर ताण बरोबर. ताठ झाली तर जोडीदार मागे पडतोय, जमिनीवर लोळायला लागली तर तो तुमच्याबरोबर पळतोय आणि तुम्ही फुकट धावताय. जोडीदाराची मूठ तुमच्या कंबरेच्या उंचीला हवी. वर धरली तर ओढ तुम्हाला उचलते आणि बुटांची पकड सुटते.

पट्टा कुठे बांधता हेही तितकंच महत्त्वाचं. आमच्या मैदानावर भरतीची तयारी करणारा एक मुलगा येतो. आधी तो एका अकॅडमीत होता. तिथे ट्रॅक्टरचा टायर कंबरेला बांधून ४०० मीटरचे राउंड, वर बँड, वर पायऱ्या. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, पण १०० मीटरची वेळ महिन्यामागून महिने हलत नव्हती. त्याच्या स्टार्टचा मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम पाहिली. बँड बेंबीवर बांधलेला, त्यामुळे छाती पुढे आणि बूड मागे. पाऊल खुब्याच्या खाली पडायच्या ऐवजी हातभर पुढे पडत होतं, आधी टाच, मग पंजा. नडगी सरळ उभी. प्रत्येक पावलाला तो आधी स्वतःला ब्रेक लावत होता आणि मग ढकलत होता. टायरने त्याला हेच शिकवलं होतं. ४०० मीटर टायर ओढताना माणूस शेवटी चालायलाच लागतो, आणि हजारो पावलं जसं चालता तसंच शरीर शिकतं.

बंद पडलेली स्कूटर ढकलताना आपण कसे वाकतो ते आठवा. टाचेपासून डोक्यापर्यंत एक तिरकी रेघ. तीच हवी. त्याचा पट्टा खाली, खुब्याच्या हाडांवर घेतला. बँड हलका केला. १० मीटरऐवजी पाचच. स्टार्टआधी भिंतीला दोन्ही हात लावून ४५ अंशांत उभं राहायचं, एक गुडघा वर, घोटा ताठ, आणि एका झटक्यात पाय बदलायचा, पाच-पाच वेळा. मग लगेच बँड. सूचना एकच, ‘जमीन मागे ढकल’. सुरुवातीला तो वैतागला, कारण दम लागत नव्हता. सवयच तशी लागलेली. पण पंजा खुब्याखाली पडायला लागला, तेव्हा मोकळ्या, म्हणजे बँडशिवायच्या, स्टार्टच्या पहिल्या १० मीटरची वेळ पहिल्यांदा कमी झाली, आणि तीही मांडीचा घेर एक सूतही न वाढता.

हे मी मुद्दाम लिहितोय. त्या अकॅडमीतल्या प्रशिक्षकांशी माझा वाद जुना आहे. त्यांचं म्हणणं, उलटी झाल्याशिवाय ताकद येत नाही. मुलाला उलटी झाली म्हणजे मुलगा दमला, एवढंच सिद्ध होतं. स्फोटकता म्हणजे कमीत कमी वेळात जास्तीत जास्त जोर, आणि दमलेला स्नायू तो देऊच शकत नाही. स्नायूतली तातडीची ऊर्जा भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. ३० सेकंदांच्या विश्रांतीवर घेतलेली दहावी स्प्रिंट ही स्प्रिंट नसते, ती १६०० मीटरच्या शर्यतीची तयारी असते. तिचीही गरज आहे, पण ती वेगळ्या दिवशी.

किती जोर लावायचा ते किलोवर ठरवू नका. बँडवर छापलेले आकडे कंपनीगणिक बदलतात. घड्याळावर ठरवा. समजा मोकळी १० मीटर २ सेकंदांत होते. बँडसकट २.२ च्या आत येत असाल तर तो हलका भार, पळण्याची ढब सांभाळणारा. ३ सेकंदांपर्यंत, म्हणजे दीडपट वेळ लागली, तर तो पॉवरचा भार. त्यापुढे गेलात की ओढकाम सुरू झालं. पूर्वी सगळे म्हणायचे की १० टक्क्यांपेक्षा जास्त वेग पडू देऊ नका, पळण्याची ढब बिघडते. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. स्टार्टसाठी जड भार चालतो, तिरकी रेघ टिकत असेल तर. टिकत नसेल तर हलकाही चालत नाही.

पहिले दोन आठवडे हलका, पुढचे तीन जड, सहावा पुन्हा हलका. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. एका दिवशी १० मीटरच्या ६ स्प्रिंट, प्रत्येकीनंतर किमान ३ मिनिटं. दर दोन स्प्रिंटनंतर पट्टा काढून २० मीटर मोकळं पळा, ती स्प्रिंट सोडू नका. बँडसकट ३ सेकंद येत होते ते ३.२ झाले की त्या दिवशी थांबायचं, सहा पुऱ्या झाल्या नसल्या तरी.

आता तुमचा बँडचा प्रश्न. ३२ मिलिमीटर रुंदीचे दोन लूप आणि रुंद, आतून मऊ पट्टा. ४५ मिलिमीटरचा पुढे लागलाच तर. सायकलची जुनी ट्यूबही चालते, पण व्हॉल्वचा भाग कापून टाका, ती तिथूनच फाटते, आणि ताण लॅटेक्सपेक्षा कमीच ठेवा. बँड उन्हात वाळत ठेवू नका. रोज बोटांनी चाचपा. कडेला बारीकशी चीर दिसली तरी फेकून द्या, कारण तुटलेलं टोक जोडीदाराच्या डोळ्यावर जातं. खांबाला बांधणारच असाल तर अँगलच्या धारेवर पोत्याचं जाड फडकं गुंडाळा. जोडीदाराने मध्येच बँड सोडायचा नाही. १० मीटर झाली की दोघांनी मिळून वेग कमी करायचा.

आणखी एक, हे आधी सांगायला हवं होतं. याने १०० मीटरपैकी पहिली ३० सुधारतात. ६० च्या पुढे वेग टिकवायला मोकळ्या लांब स्प्रिंटच लागतात. मुळात पायात जोरच नसेल तर बँड तो आणून देत नाही, त्यासाठी स्क्वॅट किंवा एका पायाच्या ऊठबशा, वजन घेऊन. बँड शिकवतो ती असलेली ताकद जमिनीत उतरवायची सवय. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) किंवा पोटरी आधीच ओढलेली असेल तर बरी होईपर्यंत हात लावू नका. मैदानी चाचणीच्या आधीचे १० दिवस बँड पूर्ण बंद, फक्त मोकळे स्टार्ट. मैदान मातीचं असेल आणि पाऊस झालेला असेल तर त्या दिवशी बँड नकोच, ओल्या मातीत पंजा मागे सरकतो आणि जांघेचा स्नायू ताणला जातो.