ऐकून घेतलं म्हणजे मान्य केलं, असं होतं का?

"मॅडम, त्यांचं ऐकून घ्यायचं म्हणजे त्यांचंच खरं मानायचं का?" हा प्रश्न समुपदेशन करताना माझ्यासमोर सारखा येतो. कोणाचं भावकीशी बोलणं तुटलेलं असतं, कोणाचं पलीकडच्या गल्लीशी, कोणाचं निवडणुकीपासून सख्ख्या मेहुण्याशी. सगळ्यात अवघड जातं ते अनोळखी माणसाचं. त्याच्याबद्दल आपल्याला फक्त त्याचा समाज माहीत असतो, बाकीचं आपण मनानेच भरून टाकतो.

अमळनेरहून जळगावला रोज अप-डाऊन करणाऱ्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. दोन्ही समाजांची नावं तर मुद्दामच लिहीत नाही. नाव वाचलं की आपण आधी बाजू घेतो आणि मग उरलेलं ऐकतो.

ताई चाळिशीच्या, एका कार्यालयात नोकरीला. तक्रार अशी की सकाळी गाडीची वेळ जवळ आली की छातीत धडधडतं, तळहाताला घाम सुटतो. ईसीजी काढून झाला होता, त्यात काही निघालं नव्हतं. विचारत गेले तेव्हा मूळ सापडलं. पाळधीला चढणाऱ्या मैत्रिणीसाठी त्यांनी लेडीज डब्यात खिडकीची जागा ओढणी टाकून धरली होती. धरणगावला चढलेल्या एका बाईने ओढणी उचलून बाजूला ठेवली आणि तिथे बसली. शब्दाला शब्द वाढला. पाळधीला मैत्रीण चढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "हे लोक असेच!"

जागेचं भांडण त्या तीन शब्दांनी समाजाचं झालं. संध्याकाळपर्यंत पासवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमणे सुरू. दुसऱ्या दिवशी डब्यात इकडच्या बाया इकडे आणि तिकडच्या तिकडे. ताईंनी आधी त्या बाईकडे बघणं सोडलं, मग डबा बदलला, मग गाडीच सोडून एसटी धरली. टाळलं की तेवढ्यापुरता जीव शांत होतो, पण भीती मात्र पोसली जाते. त्यांच्या बाबतीत तेच झालं. आता बस स्टँडवरही धडधडायचं.

मी सुचवलं की तिच्याशी दोन वाक्यं बोलून बघा. ताई ताडकन म्हणाल्या, "म्हणजे मीच नमतं घ्यायचं?"

त्या अमळनेरच्या, म्हणून मी साने गुरुजींची आठवण काढली. गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केलं. त्याआधी महाराष्ट्रभर हिंडून ते लोकांशी बोलले. विरोध करणारे कमी नव्हते. पण बोलले म्हणून त्यांची मागणी तसूभरही ढिली झाली नाही, आणि मंदिर खुलं झालं. समोरच्याचं ऐकताना आपलं म्हणणं आपल्यापाशीच राहतं. ताईंना हे पटलं असं नाही, पण त्या करून बघायला तयार झाल्या.

मग आम्ही सराव केला. मी ती बाई झाले. ताईंचा पहिलाच प्रश्न, "तुम्ही ओढणी का उचलली?" इथे बहुतेकांचं चुकतं. 'का' विचारलं की माणूस सांगत नाही, बचाव करतो. मत विचारलं की वाद होतो. त्याच्या दिवसाबद्दल विचारलं, कुठून येता, कामाला कुठे, किती वाजता निघावं लागतं, तर तो सांगायला लागतो. त्याने जे सांगितलं ते आपल्या शब्दांत परत त्याच्यासमोर ठेवायचं, "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का?" कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांनी समुपदेशनात ही रीत रुजवली. ती सोपी वाटते, पण ताई दर दुसऱ्या वाक्याला "पण" म्हणत होत्या. 'पण' गिळायला त्यांना बराच सराव लागला.

"ती तोंड फिरवेल हो," ही त्यांची खरी धास्ती होती. शिकागोच्या लोकल गाड्यांमधल्या प्रवाशांवर २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसाशी बोललो तर प्रवास कमी सुखाचा होईल असा लोकांचा अंदाज होता. ज्यांना खरोखर बोलायला लावलं, त्यांना गप्प बसलेल्यांपेक्षा तो प्रवास जास्त आवडला. तिथे मागचं भांडण नव्हतं, हे मी ताईंना स्पष्ट सांगितलं.

ताई परत त्याच गाडीने जायला लागल्या. आणि पहिल्या दिवशी त्या बाईने खरंच तोंड फिरवलं. "गर्दी फार शे ना आज?" ताईंनी अहिराणीत विचारलं, तिने नुसती मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी म्हटलं, आजचं काम झालं. पुढे काही दिवसांनी ताईंनी विचारलं, "तुम्ही कथा कामले जातस?" म्हणजे कामाला कुठे जाता. तेव्हा ती बोलली. कपड्याच्या दुकानात होती. दिवसभर उभं राहायचं, बसायला साधं स्टूल नाही, गुडघे गेलेले. "गाडीमा बठाले भेटस, तेवढंच." अमळनेरच्या बाया सगळ्या जागा धरून येतात, धरणगावला चढणाऱ्यांनी रोज उभंच राहायचं, ही तिची तक्रार. आणि त्या दिवशीची ती जागा पाळधीपर्यंत रिकामीच जाणार होती, हे ताईंच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

यात समाज कुठे होता? ओढणीत नव्हता. पण तो नव्हताच, असंही नाही. ती बाई पुढे म्हणाली, "ओढणीचं मी विसरले. 'हे लोक' म्हणाल्या, ते नाही विसरले. पोरगी होती सोबत."

ताई म्हणाल्या, "म्हणजे पोरीसमोर ऐकावं लागलं, ते जास्त लागलं."

"लागलं नाही," ती म्हणाली. "घरी जाऊन पोरीला काय सांगू, ते कळेना."

परत विचारण्याचा उपयोग हाच. ताईंना वाटलं होतं की तिचा अपमान झालाय. तिला अडचण होती पोरीला उत्तर देण्याची. ताईंनी "पण" म्हटलं नाही. म्हणाल्या, "मी तेव्हा गप्प बसले. तिला थांबवायला हवं होतं मी."

इथे एक गोष्ट ठासून सांगते. ऐकण्याची ही जबाबदारी दोन्ही बाजूंवर सारखी नसते. ज्याच्याकडे जागा आहे, त्याने आधी ऐकायचं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी फक्त ऐकूनच घेतलं, त्यांना "आणखी समजून घ्या" असं सांगणं हा अन्याय आहे, आणि मी ते सांगत नाही. कोणी धमकावत असेल, जातीवरून बोलत असेल, तिथून उठायचं आणि गरज पडली तर पोलिसांत जायचं. आणि हे बोलणं समोरासमोरच करायचं. ग्रुपवर शंभर जण बघत असताना कोणी मागे हटत नाही.

ताईंच्या मैत्रिणीला हे अजिबात रुचलं नाही. "तू तिकडची झालीस का?" तिने विचारलं. ताईंनी उपदेश केला नाही, एवढंच म्हणाल्या, "तिला गुडघ्यांचा त्रास आहे, पाळधीपर्यंत ती बसेल." गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की नुसतं एकत्र आल्याने पूर्वग्रह जात नाहीत, बरोबरीचं नातं लागतं, सामायिक काम लागतं, वरच्यांचा पाठिंबा लागतो. डब्यात पास सगळ्यांचा सारखाच. कामही निघालं: काही बायांनी आळीपाळीने बसायचं ठरवलं. सगळ्या तयार झाल्या नाहीत. मैत्रीण तर नाहीच.

ताईंची धडधड थांबली, एसटीची गरज उरली नाही. त्या बाईचं आणि त्यांचं मत आजही एका पक्षाला जात नाही. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "मॅडम, निवडणूक आली की परत बिघडेल का?" बिघडू शकतं, मी म्हणाले. तेवढे दिवस ग्रुप म्यूट करून ठेवा, आणि गाडीत तिच्या पोरीच्या परीक्षेचं विचारायला विसरू नका.