कुटुंबासह परदेशी जाताना देश कोणता निवडावा?

प्रश्न : माझे वय ३९ असून मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि चौदा वर्षे कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात डिझाइन विभागात काम करतो. पत्नी ३३ वर्षांची, बीएस्सी नर्सिंग झालेली असून मिरजेच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. मुलगा चार वर्षांचा आहे. आई तासगाव तालुक्यात आमच्या दीड एकर द्राक्षबागेवर राहते. एक मित्र जर्मनीला ये म्हणतो, दुबईतला मामेभाऊ तिकडे बोलावतो, कॉलेजचे दोन सोबती कॅनडात आहेत. माझ्या पगाराच्या दृष्टीने कोणता देश चांगला? बाग विकून जावे का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात तुमच्या नोकरीबद्दल पुष्कळ मजकूर आहे, पत्नीबद्दल एक वाक्य आहे आणि मुलीचे फक्त वय आणि इयत्ता आहे. पगाराचा हिशेब कोणत्याही देशात थोड्याफार फरकाने जमून जातो. पण तेथे गेल्यावर पत्नीला तिचे काम करता येईल का, मुलीची शाळा कोणत्या वळणावर सापडेल आणि आई आजारी पडली तर किती दिवस घरी येऊन राहता येईल, हे तीन प्रश्न देशागणिक अगदी वेगवेगळी उत्तरे देतात. म्हणून घरातील ज्या माणसाला सर्वांत कमी मोकळीक आहे, त्याच्यापासून निवडीला सुरुवात करावी असे माझे मत आहे.

तुमच्या घरात ते माणूस म्हणजे तुमची मुलगी. जर्मनीतील बहुतेक राज्यांत चौथी इयत्तेनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात : काही मुले विद्यापीठाकडे नेणाऱ्या जिम्नासियममध्ये जातात, काही मधल्या स्तराच्या रेआलशूलेत, तर काही व्यवसायशिक्षणाकडे वळणाऱ्या शाळांत. आम्ही २००८ साली श्टुटगार्टजवळ राहायला गेलो तेव्हा माझा मुलगा आठ वर्षांचा होता. पहिले चार महिने तो वर्गात एक अक्षर बोलला नाही. थालीपिठाचा डबा जसाच्या तसा परत यायचा आणि दप्तरातून तो एक वही काढून दाखवायचा. तिच्यात बाईंनी चित्रांखाली जर्मन शब्द लिहून दिलेले असत आणि हा रोज रात्री त्यांच्यासमोर मराठी शब्द लिहून काढी. गणितात तो वर्गाच्या पुढे होता, तरी भाषेमुळे जिम्नासियमची शिफारस मिळाली नाही आणि त्या काळी त्या राज्यात शिक्षकांची शिफारस बंधनकारक असे. पुढे तो त्या वाटेवर आला, पण त्याला जे कष्ट पडले ते मी विसरू शकत नाही. तुमची मुलगी अगदी त्याच वयाच्या उंबरठ्यावर आहे. नव्याने आलेल्या मुलांसाठी तेथे भाषेचे तयारी वर्ग असतात हे खरे, परंतु दहाव्या वर्षी जर्मन शून्यापासून सुरू करणारे मूल आणि चौथ्या वर्षी बालवाडीत जाणारा तुमचा मुलगा यांची स्थिती सारखी नसेल.

जर्मनीची जमेची बाजूही सांगितली पाहिजे. इंजिनिअरला नोकरीचे पत्र मिळाले, पगार ठरलेल्या मर्यादेवर असला आणि पदवी मान्य झाली, तर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणारा काम आणि वास्तव्याचा परवाना, मिळते. पदवी मान्य आहे की नाही, ते ॲनाबिन या जर्मन नोंदीत आधी पाहून घ्यावे. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी आधी जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही आणि नोकरीचीही मुभा पहिल्या दिवसापासून असते. कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांत, आणि बी१ पातळीची, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती, भाषा आल्यास २१ महिन्यांत मागता येतो. मात्र नोकरीची मुभा असणे आणि नर्स म्हणून उभे राहणे यांत अंतर आहे. नर्सिंगच्या पूर्ण मान्यतेसाठी सर्वसाधारणपणे त्याच्या वरच्या, बी२ पातळीचे जर्मन लागते. रोजची पाळी सांभाळून तेथवर पोहोचायला दीड-दोन वर्षे सहज जातात. जर्मनीचा विचार खरोखरच असेल, तर पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाच्या परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून तुम्ही दोघांनीही याच महिन्यात भाषा सुरू करावी, आणि मुलीलाही सोबत बसवावे.

कॅनडाच्या बाबतीत एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. कायम वास्तव्यासाठी गुणांवर निवड करणाऱ्या तेथील एक्सप्रेस एंट्री पद्धतीत वयाला गुण असतात. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला २९ वर्षांपर्यंत १०० गुण मिळतात, मग ते दरवर्षी घटत जातात आणि ४५ व्या वर्षी शून्यावर येतात. तुमच्या वयाला आज ५० गुण आहेत. तुमच्या पत्नीच्या वयाला ८०. शिवाय २०२३ पासून आरोग्यक्षेत्रातील लोकांसाठी वेगळ्या निवडफेऱ्या होतात आणि त्यांत नर्सिंग येते. म्हणजे मुख्य अर्जदार पत्नी आणि तुम्ही सोबतचे जोडीदार, असा अर्ज तुमच्या घराला अधिक अनुकूल ठरण्याची बरीच शक्यता आहे. नवऱ्यानेच अर्ज करायचा ही आपल्याकडची सवय आहे, नियम तसा नाही. दोघांनीही आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा द्यावी, दोघांच्याही पदव्यांचे मूल्यमापन करून घ्यावे आणि मग दोन्ही बाजूंनी गुण मोजून पाहावेत. प्रत्यक्ष नर्स म्हणून काम करण्यासाठी त्या प्रांताच्या नियामक संस्थेकडे नोंदणी आणि एनक्लेक्स ही नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा हे टप्पे असतात; ते कागद जमवायला वेळ लागतो, म्हणून रुग्णालयातील अनुभवाची पत्रे आत्ताच मागून ठेवावीत. कॅनडाने कायम वास्तव्य देण्याचे २०२५ चे लक्ष्य आधी ठरलेल्या ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले, त्यामुळे निमंत्रण येईलच असे धरून येथील नोकरी सोडू नये.

दुबईबद्दल थोडक्यात. पगारावर प्राप्तिकर नाही, सीबीएसईच्या शाळा आहेत आणि विमानाने मुंबई तीन-साडेतीन तासांवर आहे. पण शाळेची फी मोठी असते आणि ती कंपनी देणार की तुम्ही, हे नोकरीच्या पत्रात लिहून घ्यावे लागते. नेहमीचा निवास परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की थोड्याच अवधीत दुसरी शोधावी लागते किंवा परतावे लागते. पाच-सात वर्षे बचत करून सांगलीलाच परत यायचे असे दोघांच्या मनात पक्के असेल, तर तो मार्ग चांगला आहे. मुलांनी तिकडेच स्थिरावावे असे वाटत असेल, तर नाही.

आता आईंविषयी. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत ज्या बाईचा जीव बागेत असतो, ती परदेशात बंद घरात किती दिवस राहील, हे तुम्ही तिलाच विचारा. कॅनडात आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे आणि त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते; त्यासाठी तुमचे उत्पन्न ठरावीक असावे लागते आणि त्यांचा आरोग्यविमा काढावा लागतो. पण त्याहून मोठा प्रश्न तुमच्या येण्याचा आहे. कॅनडाचा कायम वास्तव्याचा दर्जा टिकवण्यासाठी पाच वर्षांत मिळून ७३० दिवस तेथे राहिले की पुरते, म्हणजे प्रसंग पडला तर वर्षभर तासगावला राहता येईल. जर्मनीत कायम परवाना असूनही साधारणपणे सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले तर तो रद्द होऊ शकतो. ब्लू कार्ड असेपर्यंत मात्र ही मुदत बारा महिन्यांची असते. दुबईचा साधा परवाना सलग सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास रद्द होतो. माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा मी हे दिवस कॅलेंडरवर मोजलेले आहेत, म्हणून इतके सविस्तर लिहीत आहे.

बाग विकू नका. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, परंतु आधीपासूनची आणि वारसाहक्काने आलेली जमीन राखता येते. पुढे परदेशी नागरिकत्व घेतले तर भारताचे नागरिकत्व जाते, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड घेतले तरी शेतजमीन खरेदीचा हक्क परत मिळत नाही. एकदा विकलेली बाग तिकडे राहत असताना तुम्हाला पुन्हा घेता येणार नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी तुमच्या जागी असते, तर पत्नीच्या नावाने कॅनडाचा अर्ज पहिला ठेवला असता. अर्थात तिची तेथे जाण्याची इच्छा आहे का, हे पत्रात कोठेही लिहिलेले नाही.

प्रश्न : कॅनडात नोकरीचे पत्र मिळवून देतो, त्याने पीआरचे (कायम वास्तव्याचे) गुण वाढतात, असे सांगून एक एजंट ४ लाख रुपये मागत आहे. द्यावेत का?
— एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : देऊ नयेत. एक्सप्रेस एंट्रीत नोकरीच्या पत्राला मिळणारे वाढीव गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत, त्यामुळे जे विकले जात आहे त्याचा तुम्हाला त्या कारणासाठी उपयोगच नाही. शिवाय १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते आणि उमेदवाराकडून तो ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेऊ शकतो. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आहे. त्याचा नोंदणी क्रमांक मागा, तो यादीत स्वतः पाहा आणि तोपर्यंत मूळ पासपोर्ट त्याच्या हाती देऊ नका.