नागीण गेली, आग राहिली

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. वय ६४, राहणार कोल्हापूर. मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे, हिशेब मीच बघते. दीड वर्षामागं डाव्या बरगडीवर नागीण उठली. फोड महिन्यात वाळले, आग मात्र तशीच. पदर घासला तरी जीव जातो. घरात ह्यांचा जुना सुती शर्ट उलटा घालून वावरते, शिवण अंगाला लागू नये म्हणून. प्रीगॅबालिन दोन वेळा, रात्री अॅमिट्रिप्टिलीन, असं चालू आहे. हल्ली विसरायला होतं. परवा पन्हाळ्याकडच्या शेतकऱ्याचे गुळाचे १८ रवे (ढेपा) उतरवून घेतले आणि वहीत लिहिलेच नाहीत. तो काही बोलला नाही, पण मला रात्रभर झोप नाही. मुलगा म्हणतो, मेंदूला चुंबकानं उत्तेजन देतात, दुखणं आणि स्मरण दोन्ही सुधारतं. खरं का?

उत्तर : ताई, उलट्या शर्टाचं वाचून वाईट वाटलं. हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. नागिणीचा विषाणू मज्जातंतूला जखमी करून जातो, मग नुसता स्पर्शही मेंदूला वेदना म्हणून पोचतो.

त्या १८ रव्यांनी लगेच घाबरू नका. रात्रंदिवस ठणका असला की लक्ष तिकडंच लागतं, आणि जे नीट ध्यानात घेतलंच नाही ते आठवणार कसं? शिवाय तुमच्या दोन्ही गोळ्या डोकं जड करतात. अॅमिट्रिप्टिलीननं साठीनंतर विसर वाढू शकतो. प्रीगॅबालिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं, तिथं काम मंदावलं असेल तर ते अंगात साठतं. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम त्यावरून कळतं), बी-१२ आणि थायरॉईड तपासा. गोळ्या मनानं एकदम बंद करू नका, डोस डॉक्टरच हळूहळू बदलतील. कातडी बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्टीबद्दलही त्यांना विचारा. ती कातडीवरच काम करते, डोक्यावर झापड आणत नाही. मात्र नेहमीची वाट चुकली, चालू महिना आठवेना, असं झालं तर थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडं जा.

मुलाचं अर्धं बरोबर आहे. १९८५ साली इंग्लंडात शेफिल्डला अँथनी बार्कर यांनी हे चुंबकीय उत्तेजन दाखवलं. डोक्यावर वेटोळं धरतात, चिरफाड नाही. हालचाल चालवणाऱ्या भागावर, दुखऱ्या अंगाच्या विरुद्ध बाजूला, सेकंदाला १० ठोके दिले की मज्जातंतूच्या वेदनेत काहींना उतार पडतो. तो टिकवायला पुन्हा पुन्हा जावं लागतं. फिट्स येत असतील किंवा डोक्यात धातू, छातीत पेसमेकर असेल तर आधीच सांगायचं.

स्मरणाची गोष्ट निराळी. तिथं चुंबक नव्हे, शस्त्रक्रिया करून मेंदूत बसवलेल्या तारांचा प्रयोग झाला. टोरांटोत लठ्ठपणासाठी एका माणसाच्या मेंदूत अशा तारा बसवल्या होत्या, ती हकीकत २००८ साली प्रसिद्ध झाली. प्रवाह सुरू करताच त्याला कित्येक वर्षांपूर्वीचा बागेतला प्रसंग लख्ख दिसला. त्यावरून अल्झायमरच्या (विसराच्या आजाराच्या) ४२ रुग्णांवर अशाच तारांचा प्रयोग झाला, पण वर्षाअखेर ठोस फायदा दिसला नाही. स्मरणासाठी म्हणून तुम्ही आज पैसा घालावा असं मला मुळीच वाटत नाही. गोळ्या बदलून, पट्टी लावूनही आग हटली नाही, तर वेदनेसाठी जरूर विचारा.

तोवर रवा काट्यावर असतानाच आकडा वहीत लिहायचा, मग बाकीचं बोलणं. आणि रिपोर्ट आले की मला कळवा.