कुंडीतल्या जास्वंदीची नवी पानं पिवळी पडताहेत, कुठलं खत कमी पडतंय?

तुम्ही लिहिलंय की शेंड्याची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार, आणि खालची पानं ठणठणीत. कंपोस्ट झालं, एप्सम सॉल्ट झालं, फरक नाही. मला हे खत कमी पडल्याचं लक्षण वाटत नाही. लोह बहुधा मातीत आहे, पण सामू (म्हणजे पीएच, माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा) चढल्यामुळे मुळांना ते उचलता येत नाहीये.

पिवळेपणा कुठल्या पानांवर आहे, हे मी सगळ्यांत आधी बघतो. नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅश) किंवा मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या फुटीला पुरवतं, म्हणून खालची पानं आधी खराब होतात. नत्राच्या कमतरतेत अख्खं पान फिकटतं, पालाशच्या कमतरतेत कडा करपतात, मॅग्नेशियमच्या कमतरतेत शिरांमधला भाग पिवळा होतो. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात गेलं की तिथून फारसं हलत नाही, त्यामुळे उपासमार होते ती कोवळ्या पानांची. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. खालची पानं हिरवी असताना त्याची गरजच नव्हती, ते कृपया थांबवा.

आता कुंडीत बोट खुपसून बघा. माती कायम चिकचिकीत असेल तर मुळांना हवा मिळत नाही, आणि सामू बरोबर असला तरी पानं अशीच दिसू शकतात. तसं असेल तर आधी निचरा सुधारा.

माती नीट वाळत असेल तर सामू मोजा. मुळांजवळची एक भाग माती, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर, नीट ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या निवळीत पीएच पट्टी बुडवा. नळाचं पाणी घेऊ नका, आकडा त्याचाच येईल. मातीत खुपसायच्या स्वस्त मीटरवर माझा अजिबात भरवसा नाही. जास्वंदीला साधारण 6 ते 7 मानवतं, 7.5 च्या वर गेलं की लोह अडकतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो का? मग पाणी क्षारयुक्त आहे. त्यातले बायकार्बोनेट दर पाण्याबरोबर सामू थोडा थोडा चढवत नेतात.

अशा मातीत नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) घालून उपयोग नाही, त्यातलं लोह लवकरच झाडाच्या हाताबाहेर जातं. चिलेटेड लोह घ्या, म्हणजे दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं, मातीत लगेच न अडकणारं लोह. पण पाकिटावर ईडीडीएचए (त्या धरून ठेवणाऱ्या रेणूचं नाव) लिहिलंय ना, ते बघून. ईडीटीए हा दुसरा प्रकार सामू 6.5 च्या पुढे गेला की कमजोर पडतो. व्हिनेगर ओतल्याने सामू तात्पुरता उतरतो, पण मुळं भाजू शकतात. मात्र वाळलेल्या चिमूटभर मातीवर त्याचे थेंब जरूर टाकून बघा. फसफसलं तर मातीत चुना आहे. मग सामू उतरवायला गंधक घालत महिनोन्‌महिने वाट बघण्यापेक्षा माती बदललेली बरी. जमेल तितकं पावसाचं पाणी द्या.

आत्ताची पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. यापुढे फुटणारी पानं बघा. आणि आकडा 6.5 च्या आत आला, तर लोह बाजूला ठेवून झाड अलगद कुंडीबाहेर काढा आणि मुळं तपासा: निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात, कुजलेली तपकिरी आणि बोटांत दाबली की सोलून येणारी.