वरचं सुरू करायचं की अंगावरचं तोडायचं?

“डॉक्टरांनी वीनिंग सुरू करा म्हणून सांगितलं, तसं मी दिवसाचं पाजणं बंदच केलं. आता ही रात्रभर रडते आणि मलाही सहन होत नाहीये.” 7 महिन्यांच्या मुलीला घेऊन आलेली आई सांगत होती. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) सासूबाई बाजूलाच होत्या. “आम्हालाही वाटलं, दूध तोडायचंच म्हणतायत.”

आधी आईला तपासलं. दोन्ही बाजू तट्ट फुगलेल्या, डावीकडे काखेजवळ हाताला गाठ लागत होती. ताप नव्हता, कातडीही लाल झाली नव्हती. तसं असतं तर लगेच डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. स्तनाग्राभोवतीचा भाग इतका कडक होता की बाळाच्या तोंडात तो धरताच येईना. हाताने थोडं दूध काढून तो भाग मऊ केला, मग डाव्या बाजूलाच घ्यायला सांगितलं. मुलगी घटाघट प्यायली. पोरगी उपाशी होती, बाकी काही नाही.

फाइलमध्ये डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं, ‘पूरक आहार सुरू करा’. घोळ तोंडी सांगण्यात झाला होता. वीनिंग म्हटलं की काहीजण वरचं खाणं सुरू करणं धरतात, काहीजण अंगावरून काढणं. सासूबाईंना मी एवढंच म्हटलं, “आई, वरचं द्यायचं ते अंगावरच्या दुधाच्या जोडीला. त्याच्या बदल्यात नाही.” जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: 6 महिने फक्त आईचं दूध, मग पूरक आहार, आणि स्तनपान 2 वर्षं किंवा त्यापुढेही. 6 ते 12 महिन्यांत बाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त आईच्या दुधातून मिळू शकते. दोन-चार चमचे खाल्ले म्हणून दूध तोडण्याची घाई कशाला?

“मग तोडायचं कधी?” हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. आईला आणि बाळाला जमेल तेव्हा. मात्र एकदम नको. कोणी दोन दिवस मायलेकींना वेगळं ठेवायला सांगितलं तर मुळीच ऐकू नका. दिवसातली एक वेळ कमी करायची, काही दिवस थांबायचं, मग दुसरी. झोपतानाची वेळ बहुतेक बाळं शेवटी सोडतात, तीही ओढून घेऊ नका. बाळ आजारी असेल किंवा आईची नोकरी नुकतीच सुरू झाली असेल तर थोडं पुढे ढकला. छाती भरून आली तर आराम पडेल इतकंच दूध काढायचं. पूर्ण रिकामी केली की दूध पुन्हा तेवढंच तयार होतं. वर्षाच्या आत तोडावं लागलंच, तर बदली दूध कोणतं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि दूध बंद होताना आईला उगाच रडू येणं, उदास वाटणं हेही होतं. संप्रेरकं बदलत असतात. तेव्हा घरच्यांनी ‘आता तर सुटलीस की’ असं म्हणू नये. उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवावं.